बेंदराचे गोंडे

“तात्या, औंदा माज्या जोडीला तांबडं गोंडं द्या. गेल्या सालचं पिवळं चिखलात दिसलंच न्हाई,” म्हणत कोंडिबा ओसरीवर टेकला.

हरिबाने पिळायला घेतलेली लोकर मांडीवर ठेवली. बोलायचे ते त्याने कालपासून घोळवून ठेवले होते, पण शेजाऱ्यासमोर तो मांडीवरच्या लोकरीतल्या काड्या वेचू लागला.

“देतो की. पर औंदा... जोडीला दोन आणं पडतील, कोंडिबा.”

कोंडिबा रागावेल असे त्याला वाटले होते. तो हसलाच.

“आन् मग! दरसाली फुकट न्यायचं जिवावर येत हुतं बगा. तुमी मागत न्हवता म्हणून आमी गप.” त्याने कंबरेची चंची सोडली, दोन आणे ठेवले आणि लगेच उठला. एरवी पान खाऊन, गावभरच्या गप्पा हाणूनच तो उठायचा.

बायको रतनबाई गेली त्या सालीच हरिबाचे बैलही गेले. पोरबाळ नव्हते. रिकाम्या हाताला चाळा म्हणून त्याने धनगरवाड्यावरून लोकर आणली, रंगवली आणि दुसऱ्यांच्या बैलांसाठी गोंडे वळायला बसला. हात असा बसला, की गुंजवणे गावात त्याच्या गोंड्यांवाचून बेंदूर होईना. पैशाचे कुणी नाव काढले नाही. मात्र ज्या घरच्या बैलाच्या शिंगाला हरिबाचा गोंडा, त्या घरी सणाला हरिबाचे जेवणाचे पान, ही रीतच पडून गेली. पाच घरी बसायचे, पाच घरच्या बायांनी “तात्या, आमच्यातच कसं पोट भरलं तुमचं?” म्हणून भांडायचे, आणि याने पोटावर हात फिरवत कुरकुरायचे. वर्षभर एकट्याने भाकरी मोडणाऱ्या माणसाला तो एक दिवस दिवाळीपेक्षा मोठा होता. पण हे त्याचे त्यालाही नीट ठाऊक नव्हते.

गेल्या महिन्यात भोरच्या पेठेतल्या मानसिंगाने एका बैलाच्या शिंगावर ते गोंडे पाहिले आणि माणूस धाडून हरिबाला बोलावून घेतले. “कारागीर आहात तुम्ही! दुकानात मांडतो. पण गावात फुकट वाटाल, तर माझ्याकडून कोण घेईल?” कारागीर हा शब्द हरिबाच्या डोक्यात शिरला. आयुष्यात कुणी त्याला असे काही म्हटले नव्हते. यंदा गावात त्याने सगळ्यांकडूनच जोडीला दोन आणे घेतले.

बेंदराच्या सकाळी त्याने अंघोळ केली, धुतलेले धोतर नेसले आणि ओसरीवर बसला. चूल पेटवली नाही. सणाला घरी कशाला शिजवायचे?

दुपारी वाजतगाजत बैल निघाले. शिंगाशिंगांवर त्याचेच गोंडे डुलत होते. इतके देखणे त्याने कधी वळले नव्हते. माणसे हात वर करून “झ्याक झाल्यात, तात्या!” म्हणत पुढे गेली. मिरवणूक देवळाकडे वळली, माणसे परतली, घराघरांतून पुरणाचा वास सुटला. हरिबा रस्त्याकडे बघत राहिला. आमंत्रणाचा मोह वाईट, हे त्याला कळत होते. भूकही लागली होती.

कुडापलीकडून कोंडिबाच्या बायकोचा, सारजाबाईचा आवाज आला, “तात्यास्नी बलावलं न्हाई व्हय?”

“अगं, औंदा पैसं दिल्यात की त्यांस्नी,” कोंडिबा म्हणाला. त्यात ना राग होता, ना कंजूषपणा. व्यवहार चुकता झाला होता, एवढेच.

थोड्या वेळाने सारजाबाई पदर सावरत कुडाशी आली.

“तात्या, जेवलासा का?”

तिच्या तोंडावरची अपराधी कळा त्याने पाहिली. सणाच्या दिवशी बाईला पेचात कशाला टाकायचे?

“व्हय गं पोरी. लई झालं आज. मानसिंग शेटनं डबा धाडला हुता.”

ती सुटल्यासारखी हसली आणि आत वळली. हरिबा उठून परसात गेला. तांब्यातले पाणी हातावर घेतले, आणि शेजारी ऐकू जाईल अशी त्याने खळाखळा चूळ भरली.