नकाशेवालीचं प्रकरण

चारुशीला बारा वर्षांची असताना अकोल्याच्या शाळेतल्या वाचनालयात तिला एक जाडजूड कादंबरी सापडली. नाव होतं ‘हरवलेल्या नद्यांचा देश’. एका देशातल्या सातच्या सात नद्या एका रात्रीत नाहीशा होतात, लोकांच्या डोक्यातून त्यांची नावंसुद्धा पुसली जातात, आणि मिहिका नावाची एक पोरगी त्या परत आणायला निघते, अशी गोष्ट. चारुशीलानं ती त्या वर्षी चार वेळा वाचली. कमवायला लागल्यावर तिनं स्वतःची प्रत विकत घेतली. आता ती एकोणपन्नास वर्षांची होती, आणि त्या प्रतीला तिनं दोनदा नवं कव्हर घातलं होतं.

ती अमरावतीला राजापेठेत राहायची. खाली शिकवणी वर्ग, वरती तिच्या दोन खोल्या. आठवी ते दहावीच्या मुलांना इतिहास-भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे लोकही एव्हाना थकले होते. अकोल्याला धाकटा भाऊ श्याम होता. तो कोर्टात वकिली करायचा, त्याची बायको प्रतीक्षा बँकेत होती, आणि त्यांची एकुलती मुलगी निधी.

निधी लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्या चारुशीला अकोल्यालाच काढायची. भाऊ-भावजय कामावर गेले की आत्या-भाची कूलरच्या पुढ्यात चटई टाकून आडव्या व्हायच्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आत ओल्या वाळ्याचा वास आणि ‘हरवलेल्या नद्यांचा देश’. पाच उन्हाळ्यांत ती कादंबरी त्यांनी तीनदा वाचून काढली. निधीचं सगळ्यात लाडकं होतं नववं प्रकरण, नकाशेवाली तारिणीचं. साऱ्या देशात नद्यांची आठवण उरलेली एकच बाई, ती तारिणी. वाळवंटाच्या काठावर एकटी राहते. रोज जेवताना दोन ताटं वाढते, कोणी आलंच तर असावं म्हणून. मिहिका येते, त्या दुसऱ्या ताटावर जेवते, तारिणी तिला आठवणीतून नद्यांचा नकाशा काढून देते आणि दारात उभी राहून तिला जाताना पाहते. बस, बारा पानं. पुढे पुस्तकात तिचा उल्लेख नाही.

“आत्या, मिहिका तिले संग काहून नाही नेत?” निधी दर वेळी विचारायची.

“तिला नकाशे सांभाळायचे असतात ना.”

“मी असती तर नेलं असतं.”

निधी नववीत होती तेव्हा बातमी आली की या कादंबरीवर मालिका निघते आहे. निधीनं त्याच दिवशी फोन केला. “आत्या, आपण दोघींनीच पाहायची. माझ्याशिवाय पाहशील तर कट्टी. कायमची.”

मालिका यायला चार वर्षं लागली. निधी तोवर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. आठही भाग एका शुक्रवारी एकदम आले. शुक्रवारी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर चारुशीलानं टीव्ही लावला, मालिकेचं चित्र पडद्यावर आलं, वाळूत उभी असलेली एक मुलगी. तिनं टीव्ही बंद केला. शनिवारीही तसंच केलं. शनिवारी दहावीच्या पोरी जिन्यात मालिकेबद्दल बोलू लागल्या तेव्हा तिनं चक्क कानावर हात ठेवले आणि म्हणाली, “माझ्यासमोर एक शब्द बोलाल तर सगळ्यांना नद्यांची खोरी पाठ करायला लावीन.”

रविवारी सकाळी ती पहिल्या गाडीनं निघाली. पिशवीत कादंबरी होती. मूर्तिजापूर मागे पडल्यावर तिनं ती काढून चाळली. निधीनं पेन्सिलीनं समासात काढलेल्या वाकड्यातिकड्या नद्या अजून तशाच होत्या.

दार श्यामनं उघडलं. “ये ताई. एवढ्या सकाळी? कळवलं असतं तर स्टँडवर आलो असतो.”

“निधीला माहीत आहे.”

निधी झोपली होती. प्रतीक्षानं पाटवड्यांचा रस्सा केला होता, घरभर त्याचा खमंग वास सुटला होता. अकराला निधी डोळे चोळत बाहेर आली, आत्याच्या गळ्यात पडली, आणि तिनं टीव्हीसमोर मांडलेल्या दोन उशा पाहून निधीचा चेहरा उतरला.

“आत्या,” ती म्हणाली, “मी पाहून टाकली ना गं.”

“किती?”

“पूर्ण. शुक्रवारी कॉलेजचे सगळे आचलच्या घरी जमले होते. सगळेच पाहून राहिले होते, मग मी एकटी कशी उठून येऊ? पण मी परत पाहते ना तुझ्यासोबत! मस्त आहे. चल.”

“हो, चल ना,” चारुशीला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, त्याचं तिलाच बरं वाटलं.

पहिला भाग सुरू झाला. निधी शेजारी बसली होती खरी, पण तिच्या हातात मोबाईल होता आणि अंगठा सारखा चालत होता. मधेच मान वर करून म्हणायची, “हे पाहा आता, आता येते पाहा.” मग जे यायचं ते येऊन जायचं. श्याम सोफ्यावर बसून थोडा वेळ पाहत होता. “हा माणूस वाईट आहे की चांगला?” एवढं विचारून तो झोपी गेला.

जेवणं झाली. तिसऱ्या भागात मिहिका वाळवंटाच्या काठाला पोचली आणि चारुशीला सरसावून बसली. तिथं एक मोडकं देऊळ होतं. देवळात एक पेटी होती. पेटीत नकाशा होता. मिहिकानं तो उचलला, घोड्यावर बसली आणि निघून गेली.

चारुशीला वाट पाहत राहिली. मिहिका डोंगरात पोचली तरी.

“निधी, तारिणी नंतर येते का?”

“कोण?” निधीनं मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही.

“तारिणी. नकाशेवाली.”

“अच्छा, ती म्हातारी?” निधीनं आठवल्यासारखं केलं. “नाही ना. कापली वाटते. माझ्या तर लक्षातच नाही आलं पाहताना.”

म्हातारी. पुस्तकात तारिणीचं वय लिहिलेलं होतं, सत्तेचाळीस.  चारुशीलानं पाणी प्यायला म्हणून उठून स्वयंपाकघरात दोन-तीन मिनिटं काढली. प्रतीक्षा ओटा पुसत होती. “ताई, चहा टाकू? दमल्यासारख्या दिसता.” “टाक,” ती म्हणाली.

चहा घेताना निधी म्हणाली, “आत्या, पुस्तक आणलंस का गं? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना वाचायचं आहे. कुलदीप म्हणतो पुस्तक जास्त भारी आहे. देशील? एक महिन्यात देते वापस.”

पिशवी खुर्चीच्या पायाशीच होती.

“नाही गं,” चारुशीला म्हणाली, “घरीच राहिलं.”

पाचची गाडी धरून ती निघाली. श्यामनं स्कूटरवर स्टँडला सोडलं. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा राहिला. “तब्येत बरी आहे ना तुझी?” त्यानं दोनदा विचारलं. वाटेत तिनं पुस्तक काढलं नाही. अठरा वर्षांच्या पोरीशी आपण एका पुस्तकासाठी खोटं बोललो, याची तिला लाज वाटत होती. आणि तरी ते दिलं नाही याचं बरंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी बडनेऱ्यापर्यंत तिच्यासोबत बसून आल्या.

सोमवार ते बुधवार तिनं रोज एकेक दोन-दोन भाग पाहिले. एकटीनं, वर्ग सुटल्यावर, डाळ-तांदूळ कुकरला लावून. काही ठिकाणी मालिका सुंदर होती. काही ठिकाणी तिला इतका राग यायचा की ती टीव्हीशी बोलायची. “अरे, तो असं नाही म्हणत!” मग तिचं तिलाच ऐकू यायचं आणि ती गप्प व्हायची. शेवटचा भाग तिनं मुद्दाम ठेवला. संपलं की संपलं, असं वाटायचं.

गुरुवारी दुपारी चारुशीला रिकाम्या वर्गात फळा लिहीत होती, तेव्हा निधीचा फोन आला.

“आत्या, एक विचारू? रागावू नको. पुस्तक तुझ्या पिशवीत होतं ना?”

चारुशीलाच्या हातातला खडू तसाच राहिला.

“तू पाणी प्यायला गेली होतीस, तेव्हा मी चार्जर शोधून राहिली होती. मले दिसलं. मग तू नाही म्हणालीस. नव्हतं द्यायचं तर नाही म्हणायचं ना सरळ. खोटं काहून बोललीस?”

खोटं सांगायला दुसरं काहीतरी सुचलं असतं. पण चारुशीलाला ते शोधायचा कंटाळा आला. “मी चार वर्षं थांबले होते, निधी,” ती म्हणाली. “शुक्रवारी टीव्ही लावून बंद केला. शनिवारी बंद केला. तू कट्टी घेशील म्हणून. आणि तुला तारिणी आठवली नाही.”



“मले वाटलं तू विसरली असशील,” निधी म्हणाली. “ते कट्टीबिट्टी. लहान होते ना मी.”

“हो. लहान होतीस.”

“शेवटचा भाग पाहिला का?”

“नाही.”

“मग रविवारी. चार वाजता. तू तिथं लाव, मी इथं लावते, फोन चालू ठेवू. पक्कं.”

रविवारी चार वाजता दोघींनी खरंच एक-दोन-तीन म्हणून एकदम सुरू केलं. निधी या वेळी मन लावून पाहत होती. दोघींच्या टीव्हींचे आवाज अर्धा सेकंद मागेपुढे येत होते. पडद्यावर मिहिका बोलली की लगेच फोनमधून पुन्हा बोलायची, आणि दोघींना हसू येत होतं. “आत्या, हा संवाद पुस्तकातलाच आहे ना?” “शब्दन् शब्द!” चारुशीला म्हणाली. किती दिवसांनी ती इतक्या मोठ्यानं बोलली होती.

वीस मिनिटं झाली असतील. फोनमधून दाराची घंटा ऐकू आली, मग पोरापोरींचा गलका.

“आत्या, थांबव जरा. हे सगळे आले आहेत. दहा मिनिटांत आलीच मी.”

चारुशीलानं थांबवलं. पडद्यावर मिहिका डोंगराच्या कड्यावर एक पाय पुढे टाकून थबकली. साडेचार झाले. पावणेपाच झाले. खालच्या रस्त्यावर रविवारच्या गाड्यांचे हॉर्न वाढले. सव्वापाचला तिनं एकदा फोनकडे पाहिलं. तिला राग आला नाही. घरात मित्र आले असताना पोरीनं आत्यासोबत फोनवर बसून राहावं, हे तिला स्वतःलाच पटलं नसतं. तिनं बटन दाबलं आणि मिहिकाचा पाय जमिनीला टेकला.

शेवट पुस्तकाप्रमाणेच होता. मिहिका कड्यावरून खाली कोरड्या पात्रात उतरते, एकेका नदीचं नाव घेते, आणि पाणी येतं. पुस्तकात ते एका ओळीत आहे. चारुशीलानं ती ओळ निदान पंचवीस वेळा वाचली असेल. पण पाणी येताना आवाज कसा होतो, हे तिनं कधी मनात आणलंच नव्हतं. मालिकेत आधी काहीच दिसत नाही. नुसता लांबून आवाज येतो, वाळूखालून कोणीतरी कुजबुजल्यासारखा, मग खडे सरकल्याचा, मग हळूहळू भरत गेलेला. माणसं आपापल्या घरांतून बाहेर येऊन उभी राहतात. कोणालाच माहीत नसतं की हा कसला आवाज आहे. एक म्हातारा तेवढा मटकन खाली बसतो.

चारुशीला रडली. पदरानं तोंड दाबून नाही, एकटीच होती, मोकळी रडली.

शेवटी कलाकारांच्या नावांची यादी संपली, पडदा काळा झाला. तिनं फोन उचलला. निधीभोवती अजून पोरं असतील. तिनं श्यामला लावला.

“बोल ताई.”

“कामात आहेस का?”

“नाही. गच्चीवर आहे. आत पोट्ट्यांनी गोंधळ मांडला आहे. काय झालं? रडून राहिली का तू?”

“काही झालं नाही. ती मालिका संपली. शेवट सांगायचा होता कोणालातरी.”

“मले?” श्यामला आश्चर्य वाटलं. त्यानं शाळा सुटल्यापासून एक कादंबरी वाचली नव्हती. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “सांग.”

तिनं सांगितलं. मधे मधे तो चुकत होता, मिहिकाला मोनिका म्हणाला, प्रधानाला राजा समजला. तिनं दुरुस्त केलं. मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळत नव्हतं, म्हणून ती मागे गेली, अगदी पहिल्या प्रकरणापर्यंत. तो “हं” म्हणत राहिला. एकदा त्याची जांभई तिला ऐकू आली, पण तो “मग?” म्हणाला.

बोलता बोलता खोलीत अंधार झाला. तिनं उठून दिवा लावला नाही.

“म्हणजे नद्या आल्या वापस?” शेवटी श्यामनं विचारलं.

“आल्या.”

“सगळ्या?”

“सातही.”

“बरं झालं मग,” तो म्हणाला, आणि थोडा वेळ दोघंही फोन कानाला लावून तशीच बसून राहिली.