हजर मॅडम

“पंखा आत्ताच लावू का मॅडम, का पोरं आल्यावर?” कॉलेजचा शिपाई गुणवंता दारात उभा राहून विचारत होता.

“आत्ताच लावा. येतीलच आता,” सुचिता म्हणाली. फळ्यावर तारीख लिहून झाली होती. अक्षर आज मुद्दाम सुवाच्य काढलं होतं.

विद्यापीठातून साहेब यायचे होते. वर्गात मुलं दिसली तर मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या या कॉलेजात पुढच्या वर्षी मराठी विषय राहणार, नाही तर बंद. आणि विषय बंद म्हणजे केस काळे होते तेव्हापासून दर वर्षी नव्यानं मिळत आलेली सुचिताची अतिथी प्राध्यापिकेची नोकरीही बंद. सकाळी पांढुर्ण्याहून येताना जामसावळीच्या देवळाच्या फाट्यावर तिनं बसमधूनच हात जोडले होते. स्वतःसाठी मागायची तिला सवय नव्हती. “एवढी पोरं वर्गात आण रे बाबा,” एवढंच ती म्हणाली.

वर्ग रिकामा होण्याची सुरुवात कापसानं झाली होती. कापूस फुटला की वेचायला बायका मिळत नाहीत, मग कॉलेजच्या पोरीही आईबरोबर वावरात जातात. रामाकोना गावची मोनाली बोटांना चिंध्या बांधून आली होती. “माय म्हणते, पऱ्हाटी का कॉलेज, काय थे एक पाह्य. मी काय करू मॅडम?”

सुचिताचा जीव कळवळला. संध्याकाळचा दिवा लावून झाला की ती घरी धडा वाचायची, समजावून सांगायची आणि ते रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर टाकायची. ‘वेचता वेचता ऐका. ऐकून झालं की हजर लिहा, मी हजेरी लावीन.’ एका पोरीनं फोटो पाठवला होता. पोटाशी बांधलेल्या ओट्यात कापूस, कापसात फोन, आणि त्या फोनमध्ये सुचिताचा आवाज. फोटो पाहून तिचे डोळे भरून आले होते.

कापूस संपला, पऱ्हाट्या उपटल्या गेल्या. मुलं मात्र परतली नाहीत. ज्यांच्या घरी वावर नव्हतं, तीही फोनवरच हजर राहू लागली. तिनं ग्रुपवर प्रश्न विचारला की उत्तराला नुसते अंगठे यायचे. एकदा तिच्याकडून भलतंच रेकॉर्डिंग गेलं. त्यात धडा नव्हताच. देवघरातली घंटा आणि कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या होत्या. तरी सगळ्यांनी हजर लिहिलं. कोणीतरी ‘छान समजलं मॅडम’ असंही लिहिलं. ही गोष्ट तिनं घरीदेखील सांगितली नाही.

काल मात्र तिनं ग्रुपवर विनवलं होतं, ‘उद्या सगळ्यांनी वर्गात या. मोठे सर येणार आहेत.’ ‘हव मॅडम’ची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती. तिनं तो शब्द खरा धरला होता.

घंटा झाली. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. टेबलावरचा फोन थरथरला. ‘हजर मॅडम.’ पहिली मोनाली. मग रोशन. मग उर्वशी. फोन टेबलावर सरकत सरकत कडेला आला, तरी थांबेना.

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. जांभळाच्या झाडाखाली सगळे होते. मोटरसायकलच्या सीटवर फोन टेकवून गाण्यावर हातवारे चालले होते. ती भराभर खाली गेली.

“मोनाली, वर्गात चल ना बेटा.”

“मॅडम! हजर लिवलं ना मी! सगळ्यात पैले.”

“हो, पण आज वर्गात बसायचं होतं.”

“काऊन? हजेरी तं लागते ना?” मोनालीनं अगदी खरेपणानं विचारलं. त्यात चावटपणा असता तर सुचिता रागावू तरी शकली असती.

“एकच रील बाकी हाय मॅडम, झाली का आलोच,” रोशन म्हणाला. “तुमीबी या ना मधात. व्हायरल होऊन जाईन!”

सगळे खिदळले.

“कालचा धडा ऐकला?” सुचितानं विचारलं.

“हव, पूरा!”

“काय होतं त्यात?”

मोनालीनं रोशनकडे पाहिलं, रोशननं बुटाकडे. “तुमचा आवाज लय गोड वाटते मॅडम,” मोनाली हळूच म्हणाली. “लावून ठेवला का घरात कोनीतरी हाय असं वाटते.”

सुचितानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो काढून घेतला आणि ती वर आली.

साहेब येऊन पोहोचले होते. रिकाम्या वर्गात प्राचार्य घाम पुसत उभे होते आणि मॅडमची लाज राखायला त्यांनी स्वतःच्याच फोनवरचा वर्गाचा ग्रुप पुढे केला होता. “देखिए सर, सब हजर! पूरी क्लास.”

साहेबांनी फोनवर बोट फिरवत पाहिलं. चेहरा खुलला. “बहुत अच्छा, मैडम. सारे पाठ रेकॉर्ड हैं?”

“जी,” सुचिता म्हणाली.

“फिर तो हर साल यही चल जाएँगे.”

प्राचार्य हसले. हसता हसता त्यांना बोलण्याचा अर्थ कळला असावा, कारण नंतर त्यांनी सुचिताकडे पाहिलं नाही. साहेबांना गाडीत बसवून परत आल्यावर ते व्हरांड्यात थांबले.

“विषय वाचला मॅडम. तुमच्यामुळंच वाचला. पण खोलीची आता जरूरत नाई म्हणते थे. अन्...”

त्या ‘अन्’च्या पुढचं तिनं त्यांना बोलू दिलं नाही. “समजलं सर.”

“रेकॉर्डिंगा तेवढ्या एका जागी करून देजा.”

“देईन.”

दुपारी गुणवंता वर्गातले बाक बाहेर काढू लागला. खोलीत कॉम्प्युटर बसवायचे ठरले होते. बाक जुन्या सागवानाचे, एकट्याला हलत नव्हते.

“पोरं खालीच हायत मॅडम. देऊ का आवाज?”

“राहू द्या. कामात आहेत ती.”

तिनं पदर कमरेला खोचला आणि बाकाचं दुसरं टोक उचललं. गुणवंता संकोचला. सुचिता पाठमोरी दाराकडे सरकू लागली.

“मांगं उंबरठा हाय मॅडम. सांभाळून.”

“हव,” ती म्हणाली, आणि मागे न पाहता तिनं पाय उचलून पलीकडे टाकला.