डोकं माझं, धड तुझं

दुसरी कोळंबीही बोटांतून निसटली आणि टेबलक्लॉथवर तेलकट रेघ ओढत मिठाच्या डबीपाशी जाऊन थांबली. कवळीवाल्यांनी ती हळूच रुमालाखाली सारली. समोर बसलेल्या बायकोने ते पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखवायला ती खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर एक बंद दुकान होते, दुसरे काही नव्हते.

जन्मभर कवळ्या बनवल्या म्हणून सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. दवाखान्यातून जबड्यांचे साचे यायचे, आणि कवळीवाले दात असे बेमालूम बसवायचे की हसणाऱ्याच्या सख्ख्या भावालाही शंका येऊ नये. गेल्या वर्षी आजारपणाने उजव्या हाताला कंप दिला आणि काम सुटले. घरी चहाचा कप अर्धाच भरून मिळू लागला. त्याविषयी दोघेही अवाक्षर काढत नसत.

पण लग्नाच्या वाढदिवसाला या हॉटेलात यायचे आणि तळलेली अख्खी कोळंबी मागवायची, हा नेम त्यांनी कधी चुकवला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा ताटलीतल्या मिशा आणि डोळे बघून नवी नवरी अंग चोरून बसली होती. आजूबाजूची बडी मंडळी काट्या-सुऱ्यांनी कोळंबीशी झटापट करत होती. कवळीवाल्यांनी सरळ बाह्या सरसावल्या. डोके पिरगळून वेगळे केले, पायांच्या बाजूने अंगठा घालून साल उलगडली, पाठीतला काळा दोरा ओढून काढला आणि कोळंबी तिच्या ताटलीत ठेवली. डोके स्वतः चोखले.

"डोकं माझं, धड तुझं," ते म्हणाले होते. "संसारातही असंच ठेवू."

"तुमचं डोकं असेल तर झालाच संसार," असे म्हणून ती जी हसत सुटली, ती बाकीचे लोक वळून बघू लागले तरी थांबेना. ते हसणे आठवले की कवळीवाल्यांना अजूनही बरे वाटे. तेव्हापासून तिने इथे एकही कोळंबी स्वतः सोलली नव्हती.

"काका, आत सोलून आणू का?" वेटरने अदबीने विचारले. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. कवळीवाल्यांनी मात्र हात टेबलाखाली घेतला. घेऊन जा म्हणावे आणि घरी जावे, असेच त्यांना वाटले.

"नको," बायको म्हणाली. "आम्ही सालीसकट खातो."

वेटर गेला. "कधीपासून?" त्यांनी विचारले.

"आजपासून. चांगली कुरकुरीत तळली आहे."

"अगं, तुझ्या तोंडात कवळी आहे. तुटली म्हणजे?"

"कुणी केली आहे ती?"

ती त्यांनीच केली होती. हात थरथरायला लागण्याआधीचे ते त्यांचे शेवटचे काम होते. तिचा जुना फोटो समोर ठेवून त्यांनी पुढचा एक दात मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, कारण तिचा मूळचा तसाच होता.

तिने कोळंबी उचलली, डोके पिरगळून त्यांच्या ताटलीत ठेवले आणि उरलेली सालीसकट तोंडात टाकली. कुर्र असा आवाज आला. नव्या कवळीने पहिला घास खाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे, तसे कवळीवाले पुढे वाकले.

"उजवीकडे नीट टेकतेय का? टोचतंय कुठे?"

"खाऊ द्या हो सुखानं." तिने दुसरी उचलली. "तुमचं डोकं गार होतंय."

त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि ते डोके तोंडापाशी नेले. थोडा रस शर्टावर सांडला. समोर ती सावकाश चावत होती, आणि कवळी जागची हलत नव्हती.