सासरच्या बोडीतला डॉज

फौजेतून सुटून आलेल्या माणसाला दोन खोडी हमखास असतात. तो पहाटे उठतो आणि दुसऱ्याच्या गाडीत चुका काढतो. इंदोऱ्याचा रामाजी गजभिये पलटणीत डॉज ट्रक चालवायचा. घरी आल्यावर तो इतवारीतल्या एका धान्यवाल्या शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला आणि त्या ट्रकच्या चुका काढता काढता स्वतःच्या ट्रकची स्वप्नं पाहू लागला. चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात कामठीला मिलिटरीच्या निकामी गाड्यांचा लिलाव निघाला, तेव्हा 'डॉज' हा शब्द कानावर पडताच त्याने हात वर केला. पुढे लिलाव करणाऱ्या साहेबाने गाडी कुठे पडली आहे तेही वाचून दाखवलं, पण तोवर रामाजी मनातल्या मनात टॉप गिअरमध्ये पोचला होता.

कागद हातात पडल्यावर कळलं की गाडी कामठीत नाहीच. दोन वर्षांमागे सरावाच्या वेळी ती कुहीकडच्या एका गावात बोडीत, म्हणजे गावच्या लहानशा तळ्यात, रुतली होती आणि फौजेने तिचा नाद सोडला होता. जिथे आहे तिथून, आहे तशी उचलायची. गावाचं नाव वाचून रामाजीने कपाळाला हात लावला. हरदोना ही त्याची सासुरवाडी होती.

सासुरवाडी म्हटलं की जावयाच्या तोंडाला पाणी सुटावं. रामाजीच्या तोंडचं पाणी पळालं, त्याला कारण होतं. त्याचा सासरा गोविंदा नागदेवे म्हणजे शंकरपटातलं मोठं नाव. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत गोविंदाची जोडी जेवढी धावायची, त्याहून गोविंदाची जीभ जास्त धावायची. लग्नानंतर पहिल्या पाहुणचाराला रामाजी गेला, तर सासऱ्याने जेवण होईस्तोवर फक्त बैलांचं कौतुक ऐकवलं. शेवटी रामाजी म्हणाला, "मामाजी, बैलापेक्षा डॉज बरा. चारा मांगत नाई अन् शेन टाकत नाई."

एवढं पुरे झालं. "भाड्याच्या छकड्यात बसून आला अन् मले डॉज सांगून राहिला!" गोविंदा गरजला. "सोताची गाडी घिऊन येशीन, तवाच माह्या उंबऱ्यावर पाय ठेवजो!"

"नाई तं येतच नाई!" रामाजी ताटावरून उठला.

"माह्या नवऱ्याले दार बंद, तं मलेबी बंद," असं म्हणून सिंधूही त्याच्या मागोमाग निघाली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर तीन सुंभ होते आणि त्यातला एकही जळायला तयार नव्हता.

नऊ वर्षं अशीच गेली. दरवर्षी धम्मचक्राच्या दिवशी सिंधूची माय भीमाबाई गावच्या लोकांबरोबर दीक्षाभूमीवर यायची. त्या अफाट गर्दीत मायलेकी एकमेकींना बरोबर शोधून काढायच्या, एका फडक्यातली भाकर खायच्या आणि वर्षभराचं बोलून घ्यायच्या. मागच्या वर्षी मात्र भीमाबाई आली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, गर्दीत आता पाय टाकवत नाही, एवढा निरोप आला. त्या दिवशी सिंधूने भाकर तशीच परत आणली. रामाजीने ते पाहिलं आणि त्याच्या काळजाला घरं पडली. म्हणून डॉजवर हात वर करणं हा नुसता शौक नव्हता. त्या गाडीची चाकं फिरली, तर सिंधूला तिची माय भेटणार होती.

गाडी हरदोन्याच्या बोडीत आहे हे ऐकून सिंधू आधी हसत सुटली आणि मग पदर डोळ्यांना लावून बसली.

"आता वं काय झालं?"

"काही नाई. बोडी काही उंबऱ्याच्या आत नाई नं! तुमी जा."

वैशाखात बोडी आटली तसा रामाजी शेठचा ट्रक मागून, कामठी रोडवरच्या ओमप्रकाश मिस्त्रीला घेऊन हरदोन्याला गेला. डॉज चाकांच्या आसापर्यंत चिखलात होता. वरून चिखल वाळला होता, आत लोण्यासारखा मऊ होता. दोन वर्षांत गावाने गाडीला आपल्यात सामावून घेतलं होतं. म्हशी तिच्या मडगार्डाला पाठ घासायच्या, बायका बॉनेटवर लुगडी वाळवायच्या आणि स्टेअरिंगवर बसून प्रत्येक पोराने एकदा तरी पाकिस्तान जिंकलं होतं.

शेठचा ट्रक त्या चिखलात उतरवणं म्हणजे एकाचे दोन करणं होतं. बैलच हवे होते. पण गोविंदा हो म्हणेपर्यंत त्याच्या जावयाला बैल द्यायची गावात कोणाची छाती होईना. शेवटी ते काम घरातल्या घरात भीमाबाईने केलं. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तुमच्या बैलात दम नसन, तं राहू द्या." गोविंदाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घटकाभरात तो आपली पटाची जोडी घेऊन बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हजर झाला.

जावयाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. "ए मिस्त्री," तो ओमप्रकाशला म्हणाला, "त्याले विचार, त्याच्या डॉजले बैल काहून लागून राहिले?"

रामाजी चार हात अंतरावर उभा होता. "सांग त्याईले, इंजिन झोपलं हाय. जागं झालं का कोनाचे उपकार लागत नाई."

ओमप्रकाश मूळचा रायपूरकडचा आणि भांडणाला घाबरणारा माणूस. तो गोविंदाला म्हणाला, "बाबूजी, वो बोलते हैं, आपकी बड़ी मेहरबानी होगी." दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. तरी ओमप्रकाशचा निरोप पोचल्याशिवाय पुढचं कोणी बोलत नव्हतं.

गावच्या नांगराच्या सहा जोड्या दोरांना जुंपल्या. सगळ्यांच्या पुढे मात्र आपलीच जोडी, असा गोविंदाचा हट्ट. रामाजीने ओमप्रकाशमार्फत विनवलं की पटाचे बैल पळायचे, ओढायचे नव्हेत. ऐकतो कोण? पालथ्या घड्यावर पाणी. गोविंदाने कासरा हातात धरला. दोन्ही पाळींवर गाव जमलं होतं. समोर पटाची जोडी, हातात कासरा धरलेला गोविंदा आणि दोन्हीकडे माणसं, एवढं पाहिल्यावर गावाला राहवेना. सवयीने एकदम आरोळी उठली, "हुर्रर्र!"

जोडी सुटली. पुढचा दोर ताडकन तुटला. नांगराचे बैल जागचे हलले नाहीत आणि डॉजही नाही. पटाची जोडी गेली ती थेट पलीकडच्या शिवारात. कासरा न सोडणारा गोविंदा थोडं अंतर तिच्यामागे गेला आणि मग तोंडावर चिखलात पडला. कोणी हसायची हिंमत करण्याआधी रामाजीने उडी टाकली आणि सासऱ्याला काखेत हात घालून वर काढलं. चिखलात माखल्यावर दोघेही सारखेच दिसत होते.

"मिस्त्री, त्याले सांग, सोड मले. उभं राहता येते."

"सांग त्याईले, पाय रुतला हाय. सोडलं तं पुन्हा पडतीन."

पण मिस्त्री पाळीवर पोट धरून हसत बसला होता, त्यामुळे निरोप तसेच राहिले आणि रामाजीने हातही सोडला नाही.

मग मात्र गोविंदाने पटाच्या जोडीचा हट्ट सोडला. त्याने दोर पुन्हा बांधला, नांगराच्या बैलांना एकेकाचं नाव घेऊन चुचकारलं आणि सगळ्या गावाला ओरडून सांगितलं की आता कोणी तोंड उघडलं तर याद राखा. सहा जोड्या सावकाश पुढे झाल्या. बसलेली म्हैस उठावी तसा डॉज कुरकुरत उठला आणि पाळीवर आला. गोविंदा आपली जोडी शोधायला निघून गेला. उंबऱ्याचा विषय ना त्याने काढला, ना रामाजीने. पाळीवरून सासऱ्याचं घर दिसत होतं. दारात भीमाबाई कपाळावर आडवा हात धरून उभी होती. तिला नुसत्या सावल्या दिसत असतील. रामाजीला फार वाटलं, धावत जावं आणि पाया पडावं. पण शब्द आडवा आला, आणि ओढून नेलेली गाडी काही गाडी नव्हे.

शेठच्या ट्रकमागे बांधून डॉज इंदोऱ्याला आला आणि घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहिला. त्यानंतर त्या घरात स्वयंपाकाचा कमी आणि रॉकेलचा जास्त वास येऊ लागला. पिस्टन जाम होते. त्यांच्यावर रॉकेल ओतून ते भिजत ठेवले. गिअरबॉक्समधून गोगलगायी निघाल्या, रेडिएटरमधून एक वाळका मासा निघाला. सिंधू एकेक नटबोल्ट परातीत घेऊन तांदूळ धुवावे तसा धुवायची. ओमप्रकाश संध्याकाळी यायचा, स्प्रिंगचे पाटे चढवायचा, ब्रेक जुळवायचा आणि म्हणायचा, "भाऊ, ये गाड़ी नहीं, भूत है." रामाजी चिडायचा. सिंधू म्हणायची, "भूत असन तं असू द्या, पन चालते भूत पाह्यजे."

फौजेचा हिरवा रंग ठेवता येत नव्हता. रंग कोणता द्यायचा हे सिंधूला विचारायची गरजच नव्हती. निळा. श्रावणात एका सकाळी रामाजीने हँडल मारलं. दोनदा नुसता खोकला आला. तिसऱ्यांदा डॉजने असा धूर सोडला की शेजारच्या रुखमाबाईचे वाळत घातलेले पापड काळे झाले. रुखमाबाईने शिव्या घातल्या, इंजिनाने त्या ऐकू दिल्या नाहीत. सिंधू अंगणात उभी राहून हसतही होती आणि रडतही होती. रामाजीनेही डोळे पुसले, पण ते धुरामुळे, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

दसरा तोंडावर आला तसे दोघे निघाले. गावात शिरताच रामाजीने हॉर्न दाबला तो सासऱ्याच्या कुंपणापर्यंत सोडलाच नाही. कुंपणाबाहेर गाडी थांबवून तो खाली उतरला आणि ताठ उभा राहिला. गोविंदा दारात आला. तोही ताठ उभा राहिला. मध्ये बोलायला ओमप्रकाश नव्हता. सासरा जावयाकडे पाहतो, जावई सासऱ्याकडे पाहतो. सिंधू केबिनमध्ये दोन्ही हातांनी दार धरून बसली होती.

भीमाबाई चाचपडत आली. गाडी कोणाची, कशी आणली, तिने काही विचारलं नाही. बॉनेटवरून हात फिरवत ती केबिनच्या दारापाशी पोचली, तिच्या हाताला लेकीचा पाय लागला आणि तो तिने घट्ट धरला. "सिंधू? वाळली काहून वं एवढी?" सिंधूने वरून उडीच घेतली आणि मायच्या गळ्यात पडली. मग दोघी अशा रडल्या की दोन्ही बाप्ये जमिनीकडे पाहू लागले.

गोविंदाने घसा साफ केला. एकदा केला, पुन्हा केला. नऊ वर्षांनी पहिल्यांदा तो थेट रामाजीशी बोलला, "जवाईबापू, गाडी आत घ्या."

"राहू द्या मामाजी, बाहेर बरी हाय. फाटकातून मावत नाई."

"बाहेर ठेवली तं लोक म्हनतीन, पावन्याची हाय," गोविंदा म्हणाला आणि स्वतःच कुंपणाच्या काट्या उपटायला लागला. हाताला काटे टोचत होते, तरी थांबेना. रामाजीने धावत जाऊन दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून कुंपण आडवं केलं, गाडी अंगणात घेतली, बैलांना पलीकडे बांधलं आणि पुढचं चाक कुठे ठेवावं यावरून चांगलं कडाक्याचं भांडणही केलं. कोणी कोणाचं ऐकेना.

त्या गडबडीत उंबरा कधी ओलांडला हे रामाजीला कळलंच नाही. पुढ्यात ताट आलं, तेव्हा आपण आत बसलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.