मी, अवनीची पहिली लिपस्टिक

"दम है तो लिपस्टिक लगाके फिजिक्स की पूरी क्लास में बैठ," क्लासमधला मित्र हरमन फोनवर म्हणाला, आणि आमचा अंशुमन, अवनीचा दादा, म्हणाला, "पक्का." कशावर, तर दोन प्लेट मोमोजवर. सेक्टर चौतीसच्या कोचिंगमध्ये इतकी मोठी मोठी डोकी घडवतात म्हणे. याच्यावर अजून काम सुरू व्हायचंय.

फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारच्या ड्रॉवरमध्ये. लिपस्टिक म्हणजे मीच, बोलतेय ती. ऐकून घ्या, कारण हे माझ्या पोटात मावत नाहीये, आणि माझं पोट आहे बोटाएवढं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातल्या गरम साच्यात झाला. शिक्षण म्हणाल तर सेक्टर बावीसच्या दुकानात, आरशासमोर ठेवलेल्या ट्रेमध्ये, आणि तेही अर्धवट. रंग फिका गुलाबी. इतका फिका की लावलाय की नाही यावर दोघांचं भांडण व्हावं. दुकानदार म्हणाला, "बेटी के लिए? यही ले जाओ जी, पता भी नहीं चलेगा." आणि लीना मॅडमनी मला घेतलं.

लीना मॅडम म्हणजे अवनीची आई. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये डॉक्टर. दिवसभर रक्ताच्या बाटल्यांना सील लावतात आणि घरी येऊनही हात थांबत नाही. फ्रिजमधल्या इडलीच्या पिठावरसुद्धा पट्टी, तारीख आणि सही.

मी घरात आले त्या दिवशी वाद झाला. अवनीचे बाबा इंद्रजित एअरफोर्समध्ये आहेत. ते म्हणाले, "बारा वर्षांच्या मुलीला लिपस्टिक कशाला?"

"सहा वर्षांची होती तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोळीण केली होती तिला. भिंतीला देतात तसा रंग फासला होता. तेव्हा फोटो काढत तूच उभा होतास."

"ते स्टेजवर होतं."

"मग आताही स्टेजच आहे. यंदाच्या गणपतीत सूत्रसंचालन करणारे ती. अख्खा कार्यक्रम, मराठीत."

शेवटी मॅडमनी तोडगा काढला. माझ्या टोपणाभोवती हॉस्पिटलची पांढरी पट्टी गुंडाळली, तारीख घातली, सही केली आणि मला अवनीच्या हातात दिलं. "महिनाभर तुझ्याच ड्रॉवरमध्ये राहील. सील तसंच राहिलं, तर कार्यक्रमाच्या दिवशी मी लावून देईन आणि पुढे कधी लावायची ते तू ठरवायचंस. फुटलं, तर दहावीपर्यंत विषय बंद."

"पक्का, मम्मा," अवनी म्हणाली.

काय सांगू तुम्हाला, पोरगी रोज ड्रॉवर उघडायची, मला बघायची आणि बंद करायची. बोटसुद्धा लावायची नाही. तेवीस दिवस. मी आतून म्हणायचे, अगं, एक कोपरा सोल, कोण बघतंय. मी वाईट संगतच आहे तशी.

चोविसाव्या दिवशी ड्रॉवर उघडला तो अंशुमनने. नखाने पट्टी अलगद सोडवली, मला खिशात टाकलं. क्लासच्या बाथरूममध्ये ओठांवर फिरवलं, तेही असं, की खडूने फळा रंगवतोय. वर मास्क. फिजिक्सचे सर आले आणि याने मास्क काढला. हरमन बाकाखालून व्हिडिओ घेत होता. सर दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "बेटा, घर पे सब ठीक है?" अख्खा वर्ग हसत सुटला. मी खिशात सगळ्यात जास्त हसले.

घरी येऊन त्याने तीच पट्टी परत गुंडाळली. रविवारी मॅडमनी मला उचललं आणि पट्टी त्यांच्या बोटाला चिकटून आली. टोपण काढलं, तर मी एका बाजूने सपाट.

"अवनी."

"मी नाही उघडली."

"मग बाबांनी उघडली?"

"मम्मा, सच्ची. मैंने नहीं किया."

"म्हणूनच म्हणत होतो मी," बाबा म्हणाले.

"लावलीस याचं काही नाही गं," मॅडम म्हणाल्या. "खोटं बोलतेस याचं वाईट वाटतं."

"मी खोटं नाही बोलत," अवनी म्हणाली. अंशुमन तिथेच पराठा खात होता. घास तोंडात, तोंड बंद. आणि पोराने लिपस्टिक घेतली असेल, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळे तयार होत होते. अवनी जीन्स घालूनच बसून राहिली होती. तिने मंडळाच्या शालिनीकाकूंना फोन लावला. "काकू, माझा घसा बसलाय. माईक माझ्याऐवजी रेवाला द्या." आवाज अगदी स्वच्छ होता तिचा.

अंशुमन दारात आला. कुर्त्याची बटणं वरखाली लागलेली. "मम्मा, सील मी फोडलं."

"तिला वाचवायला काहीही बोलू नकोस."

"नाही ना. मी लावली होती. मी. ओठांना. क्लासमध्ये." मग त्याने फोन काढला आणि हरमनने घेतलेला व्हिडिओ लावून बाबांसमोर धरला. कान लाल, माझ्यापेक्षा.

बाबांनी पूर्ण बघितला. "फिजिक्सच्या तासाला?"

"हो बाबा. सॉरी. अवनीला सॉरी."

मॅडम खाली बसल्या. "तू नीट सांगायचंस ना मला, अवनी."

"सांगितलं होतं, मम्मा. तीनदा."

मॅडमनी मला हातात घेतलं, माझं टोक कापसाने पुसलं. "चुकलं माझं. ये, लावून देते."

अवनीने माझ्याकडे बघितलं. "कधी लावायची ते मी ठरवायचं होतं ना? मग आज नको." आणि काकूंना परत फोन करत ड्रेस शोधायला गेली.

आता मी परत ड्रॉवरमध्ये आहे, बिनपट्टीची. दादाने कबूल केलं, आईने केलं, राहिले मी. पट्टी सुटली तेव्हा मी अडू शकले असते. रुतून बसायचं, मोडायचं, आम्हा लिपस्टिकना येतं ते. पण मी एका झटक्यात वर आले, कारण मला बाहेर पडायची घाई होती. बारा वर्षांची पोरगी थांबली होती. थांबता आलं नाही ते मला.