पिकेटचं पथ्य

चौऱ्याऐंशी साली सुलेखा न्यू जर्सीत कवितेवर पीएच.डी. करत होती. इथली आपली माणसं झाडून सगळी इंजिनिअर. पार्टीत कुणी "तू कशात?" विचारलं आणि तिनं "वॉरन पिकेटमध्ये" असं सांगितलं, की लोकांना ती कुठलीशी कंपनीच वाटायची.

पिकेट होता कवी, आणि सुलेखाच्या नशिबानं अत्यंत दुःखी कवी. दोन घटस्फोट, इस्पितळाच्या फेऱ्या, सकाळपासून व्हिस्की. पण लिहायचा असं, की वाचणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. तिचा थिसिस मुळी त्याच्या वेदनेवरच होता. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि त्यासाठी नव्या कविता हव्या होत्या. मे महिन्यात थिसिस सबमिट झाला नाही तर फेलोशिप बंद, व्हिसा खलास, आणि बाईसाहेब परत नागपूरला, चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यांपुढे.

ती वेस्ट विंडसरला शोभाकाकूंकडे राहायची. शनिवारी पिकेटची मुलाखत घ्यायला निघाली की काकू दारात आडव्या यायच्या. "रिकाम्या हातानं जाऊ नये गं कुणाकडे!" मग डब्यात मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं. समोरचा महाकवी आहे की प्लंबर, याच्याशी काकूंना काही देणंघेणं नव्हतं. तो नीट जेवतो का, एवढंच त्या विचारायच्या.

आणि झालं काय, तर माणूस जेवायला लागला! जेवला म्हणून झोपायला लागला, झोपला म्हणून बाटली मागे पडली. थँक्सगिव्हिंगला तर चक्क दाढी करून काकूंच्या टेबलाशी, जगन्नाथकाकांशी फुटबॉलवर वाद घालत, पुरणपोळ्या चापत बसला. सगळे हसत होते, आणि सुलेखाला आपलं शेवटचं प्रकरण हातातून निसटताना दिसत होतं.

नाताळानंतर त्यानं मोठ्या प्रेमानं नवी कविता तिच्या हातात ठेवली. विषय काय, तर वरण. कुकरच्या शिट्ट्या, तुपाची धार, आणि शेवटी सूर्योदय. अरे देवा!

तिचे गाइड प्रोफेसर डनिंग यांनी ती वाचून चष्मा काढला. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "हा सुखी झालाय. यावर प्रकरण कसं लिहिणार तू?" मग जरा आशेनं विचारलं, "पुन्हा पिण्याची काही शक्यता?"

त्या संध्याकाळी सुलेखा काकूंना म्हणाली, "डॉक्टरांनी त्यांना पथ्य सांगितलंय. डबा बंद."

पथ्य म्हटल्यावर आपल्याकडे कुणाची उलट बोलायची टाप असते? काकूंनी लगेच मान डोलावली. "बरं, मग नुसती भाकरी?"

"नको. जेवायलाही बोलावू नका. बघून मोह होतो."

पिकेटला तिनं सांगितलं, काकू सध्या बिझी आहेत. खोटं बोलताना तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण मे महिना जवळ येत होता.

मार्चमध्ये त्यानं दार उघडलं तेव्हा दाढी वाढलेली, खोलीत व्हिस्कीचा भपकारा. "माझ्याकडून काकूंना काही वावगं बोललं गेलं का?" एवढंच त्यानं विचारलं. सुलेखा पर्समध्ये पेन शोधू लागली. मग त्यानं टेबलावरचे कागद तिच्यापुढे सरकवले.

कविता कसल्या, निखारे होते नुसते! बसमध्ये वाचता वाचता ती हमसून हमसून रडली. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता. आता काकूंना सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलंसुद्धा. पण आधी त्या कविता डनिंगना दाखवल्या, आणि ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. "अप्रतिम! पुस्तक होईल याचं. अजून दोनतीन मिळव." घरी येऊन तिनं टाइपरायटरवरचं झाकण काढलं.

एप्रिल सरत आला. पोळ्या लाटता लाटता काकूंनी विचारलं, "काय गं, पिकेटचं पथ्य संपलं की नाही? जीव तुटतो माझा. या शनिवारी मऊ भात देऊ का थोडा?"

सुलेखा टाइप केलेली पानं लावत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"एवढ्यात नको, काकू," ती म्हणाली. "मे महिना जाऊ दे."