सुपारी की खडा

पेशवाईचा काळ. पुण्याच्या कुंभार वेशीपाशी आधी मडक्यांवरच्या थापीचा आवाज उठे, मग कोंबड्यांचा. त्या दिवशीही उजाडताच तुळजाबाई माती तुडवायला उभी राहिली. पागेतून आणलेली घोड्याची लीद तिने मातीत कालवली आणि दहा वर्षांच्या लेकीला, शालूला म्हणाली, "दोन भाकरी जास्त थाप. मामा जेवायला यायचाय."

मामा म्हणजे तुळजाबाईचा सख्खा भाऊ सोनबा, जातीच्या पाच पंचांपैकी एक. आणि त्याच पंचांपुढे आज तिच्या चुलीचा निवाडा व्हायचा होता.

गोष्ट अशी. तिचा नवरा भैरू तापाने गेला. पदरी मुलगा नाही. कुंभारवाड्याची रीत म्हणे अशी, की बाईने माती तुडवावी, पाणी वाहावं, मडकी थापावीत, डोक्यावरून बाजारात न्यावीत. पण चाकाला हात लावू नये. लावला तर चाक विटाळतं. मुलाविना कुंभार मेला की त्याच्या घरचं चाक उतरवायचं, सामायिक आव्यात मडकी भाजायची त्याची जागा भाऊबंदांना द्यायची, आणि विधवेने त्याच भाऊबंदांच्या दारात पोटापुरती माती तुडवायची. ही रीत घातली कोणी? ज्यांना जागा मिळते त्यांनी. दुसरं कोण घालणार!

बरं, भैरू अंथरुणाला खिळल्यापासून दार लावून चाक फिरवत होती ती तुळजाबाईच. तिच्या हातचे माठ बुधवार पेठेत खपले, पंचांच्या घरीही गेले. पाणी गार लागत होतं तोवर कोणाचं काही विटाळलं नाही. भैरूचं दहावं उरकलं आणि सगळ्यांना एकदम धर्म आठवला. तुळजाबाईचं मागणं एवढंच, की चाक आणि आव्यातली जागा आपल्याकडे राहावी. पोरीला घेऊन कोणाच्या दारात उभं राहायची पाळी येऊ नये.

सोनबा जेवायला बसला. तिने घरात होतं नव्हतं तेवढं तूप त्याच्या भाकरीवर घातलं.

"दादा, दत्तोबा आबा माझ्या इरोधात हायेत. गेनबाबी त्यांचाच. बाकीच्या दोघांचं कळत न्हाई."

"मच्छिंद्राचं अन् त्या पर्वतीच्या म्हाताऱ्याचं मी तरी काय सांगू?" सोनबा म्हणाला. "पर माझी सुपारी तुझीच. सख्ख्या भणीला उघड्यावर टाकीन व्हय मी?"

जाताना त्याने शालूच्या डोक्यावर हात ठेवला. तुळजाबाईला भरून आलं. नवरा गेला, पण भाऊ आहे, असं तिच्या मनात आलं. बिचारीला भावावर विश्वास टाकायची सवय होती.

दुपारी मारुतीच्या देवळापुढे सगळा कुंभारवाडा जमला. पंच आत गेले. तिथे एक अरुंद तोंडाचं मडकं असे, तळाशी फडकं घातलेलं, म्हणजे आवाज यायला नको. प्रत्येक पंचाने मूठ आत घालायची. मागणं मान्य असेल तर सुपारी सोडायची, नसेल तर खडा. मग थोरला पंच एकट्याने मडकं उपडं करी आणि बाहेर येऊन निवाडा सांगे, तोही 'पंचांनी एकमुखाने ठरवलं' असाच. किती सुपाऱ्या, किती खडे, कोणाचं काय, हे विचारणं म्हणजे महापाप. पाचामुखी परमेश्वर, आता परमेश्वराला हिशेब कोण विचारतो?

थोरला पंच दत्तोबा बाहेर आला, मागून बाकीचे चौघे. "पंचांनी एकमुखानं ठरवलं. चाक उतरवावं. आव्यातली जागा भाऊबंदांची. रीतीपरमाणं बाईच्या माहेरच्या माणसानं, म्हंजी सोनबानं, आजच चाक उतरवावं. तुळजाबाई, विडा घे."

हरलेल्याने पंचांचा विडा दोन्ही हातांनी घ्यायचा, म्हणजे त्याने निवाडा गोड मानला. तुळजाबाई उठली, पुढे गेली. पण तिचे हात पदराखालीच राहिले.

"आबा, एकमुखानं म्हंजी माझ्या भावानंबी खडा टाकला?"

"पंचाला असं इचारत न्हाईत."

"पाचामुखी परमेश्वर म्हणता, तर पाचही तोंडं उघडू द्या. एकेकानं सांगा. मग घेते विडा."

दत्तोबा चिडला, पण कोपऱ्यातून मच्छिंद्र उठला. "मी सुपारी टाकली. बाई कामाची हाय, खोटं कशाला बोलू."

पर्वतीचा म्हातारा खाकरून म्हणाला, "माझीबी सुपारीच."

ज्यांची तिला काडीची आशा नव्हती ते दोघे! दत्तोबाने मिशीला पीळ दिला. "मी खडा टाकला. लपवायचं काय त्यात?" गेनबाने त्याच्याकडे बघून मान हलवली; त्याचाही खडा.

दोन सुपाऱ्या, दोन खडे. सगळ्यांच्या माना सोनबाकडे वळल्या. सुपारी टाकली म्हणावं, तर दत्तोबा खोटारडा ठरतो. खडा म्हणावं, तर बहीण समोर उभी.

"तुळजे," तो खाली बघत बोलला, "माझ्या कुसुमची सोयरीक आबांच्या नातवाशी ठरलीया. मला वाटलं, माझ्या एकट्याच्या खड्यानं काय व्हतंय? बाकीचे तुला सांभाळतील."

तुळजाबाईला रडू आलं नाही. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, ती त्याची.

"आबा, विडा तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली आणि शालूचा हात धरून घरी चालू लागली. मागोमाग सगळी आळी आली, बायका पुढे.

घरी तिने दार सताड उघडलं. चाकावर मातीचा गोळा ठेवला, काठी लावून चाक गरगर फिरवलं आणि भरल्या उजेडात बसून माठ घडवायला घेतला. सोनबा उंबऱ्याशी येऊन थांबला.

"ये दादा, उतरव," ती मान वर न करता म्हणाली. "मघाशी हात मडक्यात व्हता, कुणाला दिसला न्हाई. आता हितं घाल, सगळ्यांदेखत."

सोनबाचा हात काही पुढे झाला नाही. जन्मभर डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या बायका त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तो आला तसा परत गेला, आणि चाक जिथल्या तिथे राहिलं.

पुढे पंचांनी तुळजाबाईला वाळीत टाकलं. तेही एकमुखाने, मडक्यात हात घालून, कारण उघड्यावर विचारलं की काय होतं ते त्यांना चांगलंच कळलं होतं. आव्यातली जागा गेली. तिने नदीकाठी आपला लहानसा आवा रचला आणि तिथे मायलेकी माठ भाजू लागल्या.

वाचकहो, दत्तोबाला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण तो निदान समोरून लढला. आपल्या घरी जेवून, आपल्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून जे आपल्या वतीने आत जाऊन बसतात, त्यांनी तिथे काय टाकलं हे त्यांना तोंडावर कधी विचारलंत का?